दिवाळीत अंधारी ठेवलेली कोठी

लेक जळगावला एम.एस्सी. करत होती. दिवाळीच्या सुट्टीत ती धुळ्याला घरी आली ती चिलटांच्या बाटल्या घेऊन. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात तीच चिलटं. म्हणाली, "आई, मला धान्याची कोठी दे. आत उजेड मात्र अजिबात नको." हे काम जमलं तर सर तिचं नाव पुण्याला संशोधनासाठी सुचवणार होते.

मी चौथी शिकलेली. तिने मला माझ्या विणकामावरून समजावलं. चिलटाच्या अंगात एक प्रोटीन रोज साठतं, रोज मोडतं. तेच त्याचं घड्याळ. काही चिलटांत मूळ नमुनाच चुकलेला असतो. स्वेटरची बाही अर्ध्यावर सुटावी तसं त्यांचं प्रोटीन अपुरं राहतं आणि घड्याळ चालत नाही. चांगली चिलटं मिट्ट अंधारातही पहाटेच कोशातून निघतात, बिघडलेली केव्हाही. तेच तिला बघायचं होतं.

"चिलटेस्ले बी घड्याळ राहस का?" सासूबाई हसल्या.

धनत्रयोदशीला त्यांनी सवयीने खोलीखोलीत पणती ठेवली, कोठीतही. उजेडाने घड्याळ सरकतं, त्यामुळे मांडलेल्या बाटल्या वाया गेल्या. लेक रडकुंडीला आली. काही बाटल्या पत्र्याच्या पेटीत बंद होत्या, तेवढ्या वाचल्या.

लक्ष्मीपूजनाला सासूबाई पुन्हा पणती घेऊन आल्या. मी दारात उभी राहिले. त्यांच्यापुढे मी कधी बोललेच नव्हते.

"आई, आठे नका ठेवू."

"दिवाईना दिवस, आनि घरमा अंधारं?"

"पोरीनं पुन्याले जानं याम्हाच शे."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुले जीभ बी शे का वं?"

पणती त्यांनी तुळशीपाशी नेली. येताना जुनं लुगडं आणलं आणि दाराखालच्या फटीत स्वतःच कोंबलं.

पाडव्याच्या पहाटे लेकीने बॅटरीला लाल कागद गुंडाळला. लाल उजेड चिलटांना दिसत नाही म्हणे. एका बाटलीत नवी, फिकट चिलटं काचेवर चढत होती. पंख अजून चुरगळलेलेच. दुसरीत, बिघडलेल्यांच्या, थोडी आधीच उडत होती, बाकीची दिवसभर निघत राहिली.

सासूबाई वाकून बघत होत्या. "यास्ले सकाय व्हयनी, हाई कोन सांगस?"

"त्यांचं त्यांना कळतं, आजी."

पुढच्या दिवाळीला लेक पुण्याहून आली. सासूबाई पणत्यांचं ताट घेऊन घरभर फिरल्या आणि कोठीच्या दाराशी थांबल्या.

"यंदा लावू का?" त्यांनी तिलाच विचारलं.