वरच ठेवलेली गाडी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. धंद्यातले लोक त्यांना 'वॉशर' म्हणतात. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा रबरी वॉशर चुकून त्यांच्या खिशात राहिला, तर हे गृहस्थ अर्ध्या जेवणावरून उठून सायकलवर तो परत द्यायला गेले. फुटक्या कवडीची वस्तू! तेव्हापासून नाव चिकटलं, आणि खरं सांगायचं तर भावोजींना ते आवडायचं. प्रामाणिकपणाचाही एक माज असतो. तो त्यांना होता, आणि त्यांचा मेहुणा म्हणून थोडासा मलाही.

टेकड्यांवरच्या बागांमध्ये त्यांचं काम. मोटार, पाइप, साखळी आणि दोन मदतनीस एवढं सगळं घेऊन चिखलाच्या चढावर जायचं म्हणजे साधी गाडी कामाची नाही. चार वर्षं त्यांनी एकच ध्यास घेतला होता: फोर बाय फोर, डबल केबिनची पिकअप, आणि तीही जुनी. नव्या गाड्यांत चारही चाकं जोडायला बटण दाबायचं असतं, यांना त्यासाठी हातात धरायला दांडा हवा. आम्ही अकरा गाड्या पाहिल्या. भावोजी गाडीखाली सरपटत जायचे, लहान हातोडीने चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वाजवून बघायचे आणि बाहेर येऊन मान हलवायचे. एकीची चासी ताज्या रंगाखाली पापडासारखी झालेली, दुसरीच्या इंजिनाचं झाकण उघडलं तर धुराचा लोट.

"मला बघायला एकदाच आलात," ताई म्हणायची, "आणि गाडीला अकरा वेळा!"

बारावी गाडी एका शिक्षिकेची होती. मुख्य रस्त्यावरून एक कच्ची वाट खोलगट भागात उतरायची आणि तिच्या तळाशी त्यांचं घर. बाई पन्नाशीच्या, एकट्या. वडील जमिनीची मोजणी करायचे, वर्षापूर्वी गेले. गाडी त्यांचीच, पत्र्याच्या शेडमध्ये कापडाखाली झाकलेली. भावोजींनी चासी वाजवली. घंटेसारखा आवाज आला. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. सीटच्या खालीसुद्धा धूळ नव्हती. भावोजींचा चेहरा मी ओळखतो, ते आतून नाचत होते.

"एक गोष्ट आधीच सांगते," बाई म्हणाल्या. "हिची चारही चाकं एकदम ओढत नाहीत, नुसती मागची दोन ओढतात. तो लहान दांडा नुसता नावाला आहे. फसवून विकायची नाही मला."

भावोजी पुढच्या चाकापाशी वाकले. अशा जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मधोमध वाटीएवढी गोल टोपी असते. चिखलात जायच्या आधी खाली उतरून ती दोन्ही चाकांवर हाताने फिरवायची, 'फ्री'वरची खूण 'लॉक'वर आणायची. ती फिरवली नाही तर आतला दांडा कितीही ओढा, पुढची चाकं ढिम्म. भावोजींनी टोपीवरची माती अंगठ्याने पुसली, खूण बघितली आणि उभे राहिले. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

विहिरीशेजारच्या चिखलात त्यांनी गाडी घातली, दांडा ओढला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, पुढची हलली नाहीत.

"नाही ओढत पुढची चाकं," ते म्हणाले.

"म्हणजे दोष गाडीतच आहे ना?" बाईंनी विचारलं. जरा जास्तच जवळ येऊन विचारलं.

"गाडीतच."

बाईंनी मोठा श्वास सोडला. व्हायची ती घासाघीस झालीच नाही, भावोजींनी सांगितलेल्या पडत्या भावाला त्या लगेच हो म्हणाल्या. वाट त्या दिवशी कोरडी होती, चिखलातून ढकलून बाहेर काढल्यावर गाडी आरामात वर आली.

तीन किलोमीटरवर भावोजींनी गाडी थांबवली, उतरले, दोन्ही टोप्या फिरवल्या आणि दगडगोट्यांनी भरलेल्या उभ्या बांधावर गाडी चढवली. गाडी बकरीसारखी वर गेली. वर पोचल्यावर त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. आणि मी काय केलं? टाळी दिली. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, लोकांना नीट दिसावं ही माझी भाकरी. त्या दिवशी मात्र मला फक्त गाडी दिसली.

भावोजींनी टाळी घेतली, पण हसले नाहीत.

पुढचे आठ दिवस त्यांना अन्न गोड लागेना. हव्या त्या गाडीत बसून माणूस असा तोंड पाडून फिरतो, म्हणून ताईने खोदून खोदून विचारलं. मग एकदाचं बाहेर पडलं. ताई चिडली नाही, तेच वाईट. तिने गाडीच्या भावात वाचलेले पैसे कपाटातून काढले, पाकिटात घातले आणि त्यांच्यासमोर ठेवले. "वॉशर द्यायला धावला होतात ना? मग आता बसलात काय?"

एकट्याने जायचं धाडस नव्हतं म्हणून मला बरोबर घेतलं. वाटेच्या तोंडाशी त्यांनी गाडी वरच उभी केली. तीच गाडी त्या दारात न्यायची लाज वाटत होती. आम्ही पायी खाली उतरलो.

बाई ओट्यावर वह्या तपासत होत्या. "गाडी वरच ठेवलीत?" त्यांनी वर बघत विचारलं. "खाली आणली तर परत चढायची नाही, म्हणून ना? मला फार लागतं हो मनाला. तुमच्या गळ्यात असली गाडी मारली मी."

"बाई, त्याबद्दलच बोलायला आलोय," भावोजी म्हणाले. त्यांचा हात खिशातल्या पाकिटावर होता.

"आधी मला बोलू द्या. तुमचे आभार मानायचे राहिले होते." बाईंनी वही मिटली. "बाबा गेले तेव्हा तीन दिवस पाऊस लागला होता. सकाळी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी त्यांना मागच्या सीटवर निजवलं आणि निघाले. मधल्या वळणावर चाकं फिरायला लागली. दांडा ओढला, सोडला, परत ओढला. काही नाही. ट्रॅक्टर यायला पाऊण तास गेला. तोवर..." त्या थांबल्या. "बाबांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. नुसता हात असा करत होते."

त्यांनी हात पुढे केला, डब्याचं झाकण धरावं तशी बोटं वळवली आणि मनगट फिरवलं. एकदा. परत एकदा.

"मला वाटलं, बाटली उघड म्हणतायत. पाणी पाजलं, ते सगळं बाहेर आलं. तरी हात तसाच. शेवटपर्यंत तसाच."

मी भावोजींकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. बांधाखाली टोप्या फिरवताना त्यांचं मनगट असंच फिरलं होतं.

"वर्षभर वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं," बाई सांगत होत्या. "कुणा मेकॅनिकला गाडी दाखवायचीही भीती. तो म्हणाला असता, गाडी ठणठणीत आहे, तर? म्हणून त्या दिवशी तुम्हाला मुद्दाम विचारलं. लोक म्हणतात, तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्ही म्हणालात, दोष गाडीत. त्या दिवसापासून मला झोप लागते."

आत कुकरची शिट्टी झाली. बाई उठल्या नाहीत. उत्तराची वाट बघत होत्या.

"गाडीतच होता, बाई," भावोजी म्हणाले. "तुम्ही काहीही केलं असतंत तरी चढली नसती."

पाकीट खिशातच राहिलं. देणार तरी काय सांगून? पैसे परत करायचे तर कारण द्यावं लागणार, आणि कारण दिलं की त्या बाईंची झोप गेली. रस्त्यात मी म्हटलं, "बरं केलंत, पुण्याचं काम झालं." ते एकदम भडकले. "पुण्य? माझं पाप झाकायला मला तिच्या बापाचं मरण मिळालं, आणि तू पुण्य म्हणतोस?"

तेव्हापासून दर महिन्याला ते बाईंच्या विहिरीचा पंप बघायला जातात. पंपाला काही झालेलं नसतं. पैसे घेत नाहीत. गाडी वर, हे खाली. हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन वाट उतरतात आणि धापा टाकत चढतात. बाई दर वेळी हळहळतात.

गेल्या महिन्यात मीही गेलो होतो. निघताना बाईंनी भावोजींच्या हातावर एक पाकीट ठेवलं. "गाडीच्या पैशातले थोडे परत घ्या. बाबा असते तर असली गाडी त्यांनी कुणाला विकू दिली नसती."

भावोजींनी ते पाकीट ओट्यावर ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि चालायला लागले. आख्ख्या चढावर एकदाही थांबले नाहीत.

पुढचं काम डोंगरावरच्या बागेत होतं, वाट ओली. ते सवयीने पुढच्या चाकापाशी वाकले, टोपीवर बोटं ठेवली आणि तशीच थांबली.

"तू फिरव," ते म्हणाले. "मला जमत नाही."

मी खाली बसलो आणि फिरवली.