गुणाजीची गवळण

पालीजवळच्या वाडीतल्या नमनात, म्हणजे कोकणातल्या नाचगाण्याच्या लोकनाट्यात, गुणाजी तरणा असल्यापासून गवळण नाचतो. साठी उलटली, तरी लुगडं तोच नेसतो. यंदाचा वग मुंबईहून आलेल्या त्याच्या पुतण्याने, ओमकारने लिहिला. त्यात गवळण जादूच्या रथात बसते आणि चाळीस वर्षं पुढे, आजच्या पालीच्या बाजारात उतरते.

तालमीला ओमकार म्हणाला, "काका, रथात चढेल ती तरणी गवळण वाडीतला पोरगा सोहम करील. उतरल्यावरची म्हातारी तुम्ही. चाळीस वर्षं गेली म्हणजे वय वाढणारच."

गुणाजीने तोंडातलं पान थुंकलं. "मेल्या, रथात ती बसली किती वेळ?"

"एक गाणं होईस्तोवर."

"मग एका गाण्यात ती म्हातारी कशी व्हईल? चाळीस पावसाळे काढले ते गावात ऱ्हायलेल्यांनी. म्हातारा व्हईल तो तिचा सवंगडी पेंद्या. पेंद्याचं सोंग कोनाचं हाय?"

ते ओमकारचंच होतं. मृदंगवाला गालात हसला.

"काका, तुम्हाला वीस वर्षांची बघून लोक हसतील."

"हसूंदेत. आमच्या नमनाला रडायला कोन येतंय?"

गुणाजी पडवीतल्या आरशासमोर बसला आणि त्याने मिशी उतरवली. मग तांदळाच्या पिठाचा डबा ओमकारपुढे सरकवला.

"घे, केसांना चोपड. आनि काठी टेकत चालायला शिक."