दमलेला पडदा

टीव्हीच्या दुकानात तो आयुष्यभर विक्रीचं काम करत आला होता, आणि गिऱ्हाइकाला अंधारात नेल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला बिनखिडकीची एक खोली होती. तिथे दोन टीव्ही शेजारी शेजारी टांगलेले असायचे. गिऱ्हाईक आत आलं की तो दार ओढून घ्यायचा, दिवा घालवायचा आणि म्हणायचा, "आता नुसता काळा रंग बघा."

मग त्याची गाडी सुटायची. हा एलईडी, याच्या पोटात दिवे सतत जळत असतात. काळं दाखवायचं तर हा दिव्यापुढचं दार लोटून घेतो, आणि दार म्हटलं की फट आलीच, म्हणून याचा काळा रंग राखाडी. हा दुसरा ओएलईडी. याचा ठिपका न्‌ ठिपका स्वतःचा उजेड स्वतः पाडतो, आणि काळं दाखवायचं झालं की सरळ विझतो. गिऱ्हाईक मान डोलवायचं, वाहवा करायचं आणि बाहेर येऊन स्वस्तातला एलईडी बांधून घ्यायचं. एखाद्याने महागडा घ्यायचं ठरवलंच, तर हा शहाणा त्यालाही बजावायचा की एकच चित्र दिवसदिवस लावून ठेवू नका. जिथे उजेड जास्त, तिथले ठिपके लवकर दमतात. चित्र काढलं तरी त्याचा डाग मागे राहतो, आणि तोही उलटा, पांढऱ्याच्या जागी काळसर. दुकानाचे मालक कपाळाला हात लावायचे. माल विकायला ठेवलाय की गिऱ्हाईक पळवायला, असं विचारायचे. पण अंधाऱ्या खोलीत खोटं बोलायचं नाही, एवढं एक त्याने आयुष्यात पाळलं होतं.

त्याला 'अंधारमामा' हे नाव त्याच्या भाचीने दिलं. पुढे ते दुकानभर झालं, मालकसुद्धा तसंच म्हणू लागले. त्याने लग्न केलं नव्हतं. ताईच्या नवऱ्याने केव्हाच दुसरीकडे संसार थाटला होता, त्यामुळे ताई, भाची आणि हा, एवढंच त्यांचं कुटुंब, फक्त हा राहायला वेगळा. भाची नाकावर राग घेऊनच जन्माला आली होती. आईशी बिनसलं की शाळेतून दप्तरासकट थेट दुकानात यायची आणि मागच्या खोलीत दोन टीव्हींपुढे फतकल मारून बसायची. मामा ताईला फोन करायचा. ताईचं शिवणकाम होतं. हातातलं काम संपवून ती यायची, पण खोलीत पाऊल टाकायची नाही. दाराशी उभी राहून भावाला म्हणायची, "सांग तिला, आई न्यायला आलीये."

मामा टीव्ही बंद करायचा. त्या मिट्ट काळोखातून बूट घासत भाची बाहेर यायची आणि आईने मागे धरलेला हात मुकाट्याने पकडायची. घरी गेल्यावर ताईचा फोन ठरलेला. "पोचलो आम्ही. राग गेलाय तिचा." मामाने विचारायचं, "जेवलात?" ताईने म्हणायचं, "बसतोय आता." ताईच्या या तीन वाक्यांवर मामा वर्षानुवर्षं सुखाने झोपला.

भाची शाळेच्या शेवटच्या वर्षात होती तेव्हा साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्या आठवड्यात तिने आईशी अबोला धरला होता. कारण इतकं फालतू होतं की ताईला नंतर ते आठवेनासुद्धा. तापामुळे तिला या खेपेला दुकानात जाता आलं नाही, आणि तो अबोला सुटायचा राहून गेला.

ताईच्या घरी जुना प्लाझ्मा टीव्ही होता, तोही ओएलईडीसारखाच डाग धरणारा. तिने त्याच्यावर भाचीचा फोटो लावला, शाळेच्या पांढऱ्या शर्टातला, दाराला टेकून हसतानाचा, आणि तो काढलाच नाही. शिवणाच्या मशीनवर धूळ बसली. ताई त्या खोलीत बसून राहायची. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायची, तेही मामा मागे लागला तर. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. मामाला तिची भीती वाटायची आणि तिच्यासाठीही भीती वाटायची.

मग तो टीव्ही घरघरायला लागला. मामा बघायला गेला आणि तपासण्यासाठी त्याने पडदा कोरा पांढरा केला. भाची तिथेच होती. शर्ट काळवंडलेला, दात काळे, डोळ्यांच्या जागी फिकट खळगे. मामा हा प्रकार आयुष्यभर गिऱ्हाइकांना समजावत आला होता, तरी त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. ताई मात्र कौतुकाने बघत होती.

"फोटो काढला तरी ती जात नाही," ती म्हणाली. "नवा घेऊ तो असाच दे. धरून ठेवणारा."

दुरुस्तीवाल्याने टीव्हीची आशा सोडलीच होती. मामाने खूप विचार केला. धरून ठेवणारा टीव्ही दिला तर बहीण त्याच्यापुढे बसून वाळून जाईल, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. फोटो दोन्ही टीव्हींवर लावून बघतो म्हणून त्याने तो मागून घेतला. दोन दिवसांनी ताई दुकानात आली. पहिल्यांदाच ती मागच्या खोलीत शिरली. मामाने दिवा घालवला, एलईडीकडे बोट केलं आणि म्हणाला, "हा घे. हा धरून ठेवतो." त्या खोलीतलं त्याचं ते पहिलं खोटं.

ताईने पैसे दिले, टीव्ही घरी गेला, फोटो लागला. ताई रोज सकाळी पडदा पांढरा करून बघायची. पडदा कोरा असायचा. पहिल्यांदा ती म्हणाली, वेळ लागत असेल. मग म्हणाली, नवं घर आहे तिला. महिन्यामागून महिने गेले. मामाला वाटत होतं, कंटाळेल, उठेल, मशीनची धूळ झटकेल. एके दिवशी तो गेला तर ताईने पाणीसुद्धा विचारलं नाही. टीव्हीपुढे जमिनीवर बसून ती बारीक आवाजात म्हणाली, "येत नाहीये रे. अजून रुसलीये माझ्यावर."

 करायला गेलो काय आणि होऊन बसलं काय, असं मामाला झालं. पण खरं सांगायला त्याची जीभ रेटेना.

त्याच आठवड्यात एक चष्मेवाल्या बाई टीव्ही बघायला आल्या. मामाने नेहमीप्रमाणे दिवा घालवला, काळा रंग दाखवला, मग पांढरा. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि ओएलईडीकडे बघत विचारलं, "इथे कोण उभं आहे?"

मामाने पाहिलं. दाराला टेकलेली, काळा शर्ट, काळे दात. ती हसत होती.

हे कसं झालं, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तपासणीसाठी लावलेला फोटो त्याने त्या टीव्हीवरून पुसलाच नव्हता. गिऱ्हाईक नसलं की लावायचा, आलं की काढायचा. जेवणाचा डबा तिच्यापुढे बसून खायचा. आज पुसू, उद्या पुसू, असं चाललं होतं. दुकानातला टीव्ही, उजेड सगळ्यात भडक ठेवलेला. तिला उजळून उजळून तो पडदा दमला होता. बहिणीला नाकारलेलं मामाने स्वतःसाठी ठेवून घेतलं होतं, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी त्याने ताईला बोलावून घेतलं. मागच्या खोलीच्या दाराशी तिला उभं करून सगळं सांगितलं, एलईडी, ओएलईडी, दमलेले ठिपके, आपलं खोटं, सगळं. मग टीव्ही लावला आणि पडदा पांढरा केला. ताई खूप वेळ बघत राहिली. ती रडेल किंवा आपल्याला बोल लावेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. ताईचा चेहरा हळूहळू सैल पडला.

"ठिपक्यांचं मला सांगू नकोस," ती म्हणाली. "माझ्याशी बिनसलं की ती कुठे जाते, मला माहीत नाही का? मी वेडी, घरात शोधत बसले."

मामा काहीतरी बोलायला गेला. ताईने आत पाऊल टाकलं नाही. दाराशीच उभी राहून, पूर्वीसारखंच, ती म्हणाली, "सांग तिला, आई न्यायला आलीये."

 मामाने टीव्ही बंद केला. ठिपका न्‌ ठिपका विझला आणि खोलीत खराखुरा काळोख झाला, तो इतकी वर्षं लोकांना दाखवत आला होता तसा. त्या काळोखात त्याच्या शेजारून बूट घासल्याचा आवाज दाराकडे गेला. स्वतःचाच पाय हलला असेल, असं त्याने मनाला सांगितलं. दारातल्या उजेडात ताई पाठमोरी चालताना दिसली. तिचा एक हात किंचित मागे होता, आणि ती एरवीपेक्षा हळू चालत होती.

ती गेल्यावर पाचच मिनिटांनी मामाने धीर करून टीव्ही पुन्हा लावला. पडदा पांढराशुभ्र होता. बंद केल्यावर हा टीव्ही आपले डाग आपणच पुसायचा प्रयत्न करतो, हे त्याला माहीत होतं. त्या कामाला निदान तासभर लागतो, हेही माहीत होतं.

तो तिथेच बसून राहिला. दुकान बंद करायच्या सुमाराला फोन वाजला.

"पोचलो आम्ही," ताई म्हणाली. "राग गेलाय तिचा."

मामाने पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं. पण सवयीने त्याने विचारलं, "जेवलात?"

"बसतोय आता."

तिने फोन ठेवायच्या आधी मामाला ताट मांडल्याचा आवाज ऐकू आला, आणि मग दुसऱ्या ताटाचा.