संडास आमचा, टाकी अण्णांची

आमचा संडास आमच्या मालकीचा आहे. त्याची टाकी मात्र नाही.

आमच्या बाजूला सगळा कातळ. आजोबांनी टाकी खणायला घेतली तेव्हा पहारी वाकल्या, गडी पळाले (एक म्हणे थेट आफ्रिकेत जाऊन थांबला!). शेवटी जिथे माती लागली तिथे खड्डा पडला. हद्द बघतो कोण? शेजारचे अण्णा तेव्हा लहान. त्यांचे वडील तर उलट गड्यांना चहा घेऊन आले होते.

त्या टाकीला लागून एक फणस वाढला. असा लगडायचा, की एकेक फळ उतरवायला अख्खी वाडी लागावी! दर मे महिन्यात पहिला कापा फणस अण्णा आमच्या पडवीत आणून टाकायचे, हाताला तेल लावून स्वतः फोडायचे आणि गरे संपेपर्यंत गप्पा हाणायचे. एवढं सुख मला सोसेना. वाटलं, झाड आपल्याच हद्दीत असेल तर? मागवली सरकारी मोजणी!

"दिन्या, नको रे," अण्णा म्हणाले. "दगडांचा गडगा मुका आहे तोवर बरा."

"हक्क म्हणजे हक्क, अण्णा!"

मोजणीवाल्याने हद्दीचा दगड रोवला. कुठे? माझ्या संडासाच्या मागच्या भिंतीला चिकटून! फणस अण्णांचा. टाकीसुद्धा अण्णांची.

"घ्या हक्क!" बायको म्हणाली. "आता दोन्ही हातांनी खा!"

मे महिन्यात मुंबईच्या पाहुण्यांची फौज उतरली, आंब्यांवर तुटून पडली आणि टाकीने हात टेकले. बाहेर रांग, आतून गुरगुर! उपसायची गाडी यायची तर अण्णांच्याच फाटकातून. गेलो.

"अण्णा, टाकी उपसायची होती."

"कुणाची?"

"आमची... म्हणजे तुमची."

"मग मेल्या, माझ्या टाकीत रोज घाण कोण करतंय?"

माझ्यामागे मेहुणा पोट धरून उभा होता, घामाने डबडबलेला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं आणि फाटक उघडलं.

"पाहुण्यांचा काय दोष?"

गाडी गेल्यावर मी म्हटलं, "अण्णा, चहाला या ना पडवीत."

"नको रे. मधे हद्द आहे."

ते आजतागायत आलेले नाहीत. तेलाची वाटी पडवीच्या कोनाड्यात तशीच आहे.

फणस मात्र यंदा बुंध्यापासून लगडलाय. वास घरभर येतो. झाड त्यांचं, जमीन त्यांची, गरेही त्यांचेच. खत तेवढं आमचं. ते मी रोज सकाळी न चुकता, स्वतः बसून, पोचतं करतो!