चिठ्ठी वाचल्याशिवाय न बोलणारा माणूस

बातमी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने आणली. आमच्या पार्से गावात दिवसाची पहिली खबर पावाबरोबरच दारात येते आणि बरेचदा ती निम्मी कच्ची असते. म्हणून "विश्वनाथबाब गेले" असं तो म्हणाला तेव्हा मी पाव हातात धरूनच त्याची उलटतपासणी सुरू केली. कुणी सांगितलं? तू स्वतः पाहिलंस? सायकल टेकवून तो शांतपणे म्हणाला, त्यांच्या पायरीवर पाव ठेवायला गेलो, तर अंगणात माणसं बसलेली होती. ऐकलेल्या गोष्टीला "कशावरून?" असं विचारायची खोड मला विश्वनाथबाबांनीच लावलेली... आणि ती मी त्यांच्याच मरणावर वापरत होतो. त्याला आता दीड महिना झाला.

मांद्र्याला त्यांचं औषधांचं दुकान होतं. काउंटरच्या खिळ्याला सुतळीने एक भिंग टांगलेलं असे. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला जो कागद येतो आणि जो आपण सगळे न उघडता फेकून देतो, त्याला ते 'चिठ्ठी' म्हणत. प्रत्येक चिठ्ठी सपाट करून फायलीत लावलेली. गिऱ्हाइकाने काही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "माका खबर ना. वाचून सांगतंय." म्हणजे, मला ठाऊक नाही, वाचून सांगतो. दुपारी एक ते चार अख्खा पेडणे तालुका झोपतो तेव्हा हा माणूस शटर अर्धं ओढून चिठ्ठ्या वाचत बसे, आणि चिठ्ठीत नसेल ते डॉक्टरांना फोन करून विचारे. लोक वैतागत. दुसरा दुकानदार बघा कसा पटकन सांगतो, म्हणत. मीसुद्धा म्हणायचो.

हंगामात किनाऱ्यावरची पोरं यायची. हलक्या आवाजात विचारायची, अमुक पावडर घेतली तर काय होतं, तमुक रंगीत गोळी रात्रभर नाचायला बरी का. इतर दुकानदार त्यांना हाकलून देत. विश्वनाथबाब स्टूल पुढे करत. त्या पदार्थांसाठी फायलीत एक कोरं पान होतं. मी एकदा टोमणा मारला, एवढा अभ्यास करून पान कोरंच का? तर म्हणाले, "चिठ्ठीच नाही तर वाचू काय? आत काय घातलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हे पान कोरं आहे, हीच त्याची माहिती." पोरांना ते तेच पान दाखवत. पानाच्या तळाशी मात्र पेन्सिलीने लिहिलं होतं: अंग तापलं, छातीत दुखलं, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर वाट न बघता इस्पितळ, आणि काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगायचं.

आता माझी पाळी कशी आली ते सांगतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी रेवती पणजीला एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन शिकत होती. परीक्षेआधी चार दिवस घरी आली, आणि तिच्या बॅगेत बायकोला गोळ्यांचं अर्धं पाकीट सापडलं. मी मोबाइलवर नाव शोधलं. एकीकडे लिहिलेलं, लक्ष टिकत नाही अशा मुलांना हे औषध देतात. दुसरीकडे लिहिलेलं, उत्तेजक आहे, व्यसन लागतं. तिसरीकडे एक गृहस्थ व्हिडिओत हातवारे करून ओरडत होते. जत्रेच्या नाटकांतून राजाच्या भूमिका करून माझी हयात गेलेली. ज्याचा आवाज मोठा त्याचं मला पटलं. पोरगी ड्रग्स घेते, संपलं! आणि तरी खात्री करायला मी कुठे जावं? तर देवळात, प्रसाद म्हणजे देवाचा कौल घ्यायला. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, उजवीकडची पडली की होकार. पण गावात बभ्रा नको म्हणून भटजींना काही सांगितलंच नाही. म्हटलं, माझ्या मनात आहे ते खरं का, एवढंच विचारा. उजवी पाकळी पडली.

तिथून थेट मांद्र्याला. विश्वनाथबाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"राजा, पाकळी पडली तेव्हा मनात काय होतं?"

मी आठवून सांगितलं. पोरगी व्यसनी झाली; खोलीतल्या ज्या मैत्रिणीने गोळ्या दिल्या असणार ती वाईट चालीची; तिच्या आईबापांना आजच फोन करायला हवा; आणि रेवतीचं शिक्षण बंद करावं.

"चार गोष्टी. मग देवाने हो कशाला म्हटलं?"

मी गोळ्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं. त्यांनी फाइल काढली, भिंग धरलं आणि त्या गोळीची चिठ्ठी मला शब्द न् शब्द वाचून दाखवली. कुणासाठी आहे, भूक आणि झोप कशी कमी होते, छातीचे ठोके कसे वाढतात, दुसऱ्याला का देऊ नये. मग म्हणाले, ती मैत्रीण डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेत असेल तर तिच्यासाठी हे औषधच आहे. तिच्या घरी आरडाओरडा केलास तर तिचं औषध सुटेल. "आणि तुझी पोर किती घेते, कधीपासून घेते, कशाबरोबर घेते, ते यात छापलेलं नाही. ते तिला विचार. पण नाटकातल्या आवाजात नको."

मी घरी गेलो, ओसरीवर बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न विचारून थांबलो. मग ती बोलली. पंधरा दिवस, मैत्रिणीच्या गोळ्यांतून मागून घेतलेल्या, वर कॉफी, झोप तीन तास. छाती धडधडते, पण सांगितलं तर तुम्ही शिक्षण बंद कराल म्हणून सांगितलं नाही, म्हणाली. त्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ठोके खरंच फार वाढलेले होते. गोळ्या थांबल्या, झोप आली, एक पेपर राहिला आणि पुढच्या खेपेला सुटला. मैत्रिणीच्या घरी मी फोन केला नाही. तिचे उपचार चालू राहिले.

तेराव्यानंतर विश्वनाथबाबांच्या बायकोने, वहिनींनी, ते भिंग सुतळीसकट रेवतीच्या हातात ठेवलं; त्या परीक्षेनंतर सुट्टीत ती त्यांच्या दुकानात चिठ्ठ्या वाचत बसायची. मला जरा लागलं. इतक्या वर्षांचा मित्र मी.

गेल्या रविवारी ती घरी होती. माझी रक्तदाबाची गोळी बदलली आहे. तिने खोक्यातली चिठ्ठी उलगडून टेबलावर सपाट केली आणि विचारलं, "बाबा, ही कशाबरोबर घेता?"

"पाण्याबरोबर."

काजूचा हंगाम चालू आहे, लाटंबार्शाहून मेहुण्याने हुर्राक, काजूची पहिल्या धारेची हलकी दारू, पाठवलेला आहे, हे तिलाही ठाऊक होतं. मी खाकरलो. मग हलक्या आवाजात, किनाऱ्यावरच्या त्या पोरांसारखं सांगितलं, की जेवणाआधी थोडा हुर्राक होतो... रोज. आणि विचारलं, चालेल ना गं?

तिने भिंग डोळ्याशी धरलं. म्हणाली, "माका खबर ना. वाचून सांगतंय."