अण्णांचा द्राक्षदौरा

एका जागी बसणं ही शिक्षा आहे असं मानणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या अण्णांइतकं मनापासून तसं मानणारा माणूस बिदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी सापडायचा नाही. अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. राहायला हुमनाबादला, शेती दुबलगुंडीला, आणि स्वतः कायम या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर. चहा ते उभ्यानं पितात. लग्नाला सगळ्यांच्या आधी पोचतात आणि अक्षता पडायच्या आत परतीच्या गाडीची चौकशी सुरू करतात. आमच्या नौबादच्या घरी आले की दारात चपला काढतानाच त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवतात, म्हणजे निघताना वेळ मोडायला नको. एकदा मी हौसेनं त्यांना बिदरचा किल्ला दाखवायला नेलं. मी मान वर करून महालातली रंगीत नक्षी समजावून सांगतोय, आणि मागे वळून बघतो तर श्रोता गायब. अण्णा बाहेर रिक्षा थांबवून उभे होते. म्हणाले, "बघितलो की दाजी. किल्ला हाय, दगडाचा हाय. निघू या का?"

अशा माणसानं दरवर्षी माघ महिन्यात गाडी ठरवून आम्हा नवरा-बायकोला थेट नाशिकच्या द्राक्षमळ्यांत हिंडवून आणावं, याचं लोकांना नवल वाटे. "दुबलगुंडीत द्राक्ष लावायचं हाय. तिथले लोक कसं करायलेत ते बघाय नको?" असं ते विचारणाऱ्याला सांगत. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक शेतीचं शिक्षण घेऊन नाशिककडच्या एका वायनरीत लागली होती. तीही कारकुनीला नव्हे, वाइन तयार करायच्या कामावरच. आणि हे घर बसवण्णांना मानणारं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि दारूचं नाव काढलं तरी म्हातारी माणसं चूळ भरणारी. लेकीनं नोकरीची बातमी दिली तेव्हा अण्णा एकच वाक्य बोलले, "द्राक्षाची हाय म्हणून दारू काय दूध होतीय का?" त्यानंतर तीन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. तिचा फोन आला की वहिनींच्या हातात देऊन स्वतः अंगणात चालते होत. पण माघ लागला की त्यांना घर खायला उठे.

हा दौरा म्हणजे आम्हाला धाप लागायचीच गोष्ट. अण्णा ड्रायव्हरशेजारी बसत आणि हुमनाबाद सोडल्यापासून एक हात दाराच्या मुठीवर. निफाड, ओझर, दिंडोरी, सगळं एका दमात. मळा दिसला की गाडी पुरती थांबायच्या आत पाय खाली. मूठभर माती उचलायची, वास घ्यायचा, मळेवाल्याला पाणी किती, छाटणी कधी, खत कोणतं असं धडाधड विचारायचं आणि उत्तर यायच्या आत पुढच्या ओळीत शिरायचं. आमचं बोलणं ऐकून एका मळेवाल्यानं विचारलं, "तुम्ही आंध्राकडचे का?" अण्णा चालता चालता म्हणाले, "न्हाई हो, मराठीच हाव. जरा कन्नडात भिजल्यालं." काय सुंदर मुलूख तो! धरणाचं पाणी, पलीकडे निळे डोंगर, अलीकडे उतरणीवर हिरव्या वेलींच्या रांगा. मला वाटे, एखाद्या ओसरीवर खुर्ची टाकून संध्याकाळ होऊ द्यावी. पण माझ्या हातात कप येईपर्यंत अण्णांचं तिथलं सगळं बघून झालेलं असे.

चव घ्यायच्या दालनात मात्र ते न चुकता शिरत. पहिल्या वर्षी तिथल्या ॲप्रनवाल्या मुलीनं ग्लासात थोडी वाइन ओतून समजावलं, आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, आणि नको असेल तर या भांड्यात थुंकायचं. अण्णा दचकले. "हातात दिल्यालं थुकायचं?" त्यांच्याकडे ताटात पडलेलं सगळं प्रसाद, शीतही टाकत नाहीत, ताट धुऊन ते पाणीसुद्धा पितात. आता आली का पंचाईत! ही प्यायची नाही, आणि टाकायचीही नाही. अण्णा भरला ग्लास दोन्ही हातांत धरून सरळ बाहेर गेले आणि पहिल्या वेलीच्या बुडाशी बसून हलक्या हातानं ओतून आले. रखवालदार धावत आला, तर त्यालाच शांतपणे म्हणाले, "ज्याचं हाय त्याला दिलो." पुढे तीच रीत पडली. ओतण्याआधी वास मात्र घेत, आणि तोही इतका वेळ, की ॲप्रनवाल्यांना हा कुणी मोठा जाणकार वाटे. आम्हाला मात्र ठाऊक होतं, की आपली लेक दिवसभर कशाच्या वासात वावरते, तेवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं.

शेवटच्या दिवशी गाडी त्या फाट्यावर येई. पाटीवर लेकीच्या वायनरीचं नाव आणि बाण. ड्रायव्हर आपणहून वेग कमी करी. अण्णा नेमके दुसऱ्या बाजूच्या उसाकडे बघत. ड्रायव्हर विचारी, "अण्णा, घुमाऊं क्या?" आणि अण्णा म्हणत, "व्हय, घुमव माघारी. झालं समदं बघून." मागच्या सीटवर माझी बायको पदरानं डोळे पुसत असे.

गेल्या माघात बायकोचा बांध फुटला. गाडी फाट्यावर हळू झाली तशी ती कडाडली, "अण्णा, तू द्राक्षं बघाय येत न्हाईस. मला कळतंय, ह्या डायवरला कळतंय, तुला कामून कळंना? आज गाडी आत घाल, न्हाई तर मी हितंच उतरून चालत जाते!" ड्रायव्हरनं अण्णांकडे बघितलं नाही, सरळ बाणाच्या दिशेनं गाडी वळवली.

लेक रबरी बूट घालून बाहेर आली. कोपरापर्यंत हात जांभळे. बापाला बघून जागच्या जागी थांबली, मग हात जोडून घरच्या रीतीनं नमस्कार करत म्हणाली, "शरणार्थी, अप्पा." अण्णा म्हणाले, "जेवलीस का?" तिनं मानेनंच हो म्हटलं. मग आम्हाला टाक्यांपाशी नेलं, एका टाकीची तोटी सोडून पेल्यात धार धरली आणि म्हणाली, "अप्पा, आज सकाळीच काढल्याला रस हाय. अजून दारू झाली न्हाई. आज नुसतं द्राक्ष." अण्णांनी डोळे मिटून पेला रिकामा केला. "गोड हाय," ते म्हणाले. "ह्याचं पुढं काय व्हतंय?" तिनं सांगितलं, सगळं सांगितलं, आंबणं, निवळणं, मुरणं. अण्णा ऐकत राहिले. मी त्यांना कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकताना पहिल्यांदाच पाहिलं.

"मग तयार झालं की सांग. मी येतो," ते म्हणाले.

ती खाली बघून म्हणाली, "तवा मी हितं नसंन, अप्पा. पुढल्या महिन्यात फ्रान्सला जायलेय, तिकडच्या मळ्यावर. दोन-तीन वर्सं तरी. आईला सांगितलेय. तुम्ही फोनवर येत न्हाईत."

टाक्यांचा तो थंडगार हॉल एकदम मोठा वाटायला लागला. अण्णांनी पेल्यात बघितलं. "मग ह्याच्याकडं कोण बघंल?"

"दुसरं कुणीतरी."

"तू केल्यालं, दुसरं कुणी कामून बघंल?" असं म्हणून अण्णांनी तिचे जांभळे हात आपल्या हातात घेतले, आणि मग मात्र त्यांना आवरेना.

ती गेली त्याला आता बरेच महिने झाले. हल्ली सकाळी उठल्या उठल्या अण्णांचा मला फोन असतो. तिकडे आता थंडी पडली म्हणे, वेली उघड्या झाल्या म्हणे, लेक हातमोजे घालून छाटणी करते म्हणे. पाऊस-पाण्याच्या बातम्या द्याव्यात तसं सगळं सांगतात. परवा असंच सांगता सांगता नाशिकच्या दौऱ्यावर आले. मग म्हणाले, "दाजी, पयल्याच वर्सी आत गेलो असतो तर..."

माझा जीव कळवळला. तीन वर्षं हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत त्या फाट्यावरून परत फिरला होता, आता त्याला काय सांगायचं? मी विचारलं, "अण्णा, तुमच्या पासपोर्टचं काय झालं?"