दिंडोरीच्या बागेतली पेटी

मानवजातीची वीज आणि मानवजातीची गुपितं, दोन्ही वाचवण्याची जबाबदारी इंदिरानगरातल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांवर आहे. ती त्यांच्यावर कोणी टाकली, हे गुपितही त्यांनी चोख राखलेलं आहे. ते घरी बसून चिपचे आराखडे करतात. चिप अशी, की जिने वीज कमीत कमी खावी आणि संशय जास्तीत जास्त घ्यावा. घरही त्याच तत्त्वावर चालतं. त्यांच्या दारावरची बेल झोपलेली असते. पहिल्यांदा दाबली की जागी होते, दुसऱ्यांदा दाबली की वाजते. हे ठाऊक नसलेले पाहुणे जिन्यावरूनच परत जातात, ती बचत वेगळी. बेल वाजलीच, तर दाराच्या भिंगातून नीट न्याहाळून झाल्यावर आतून "कोण?" येतं. "एकदा ओळख पटली म्हणजे कायमची पटली असं नसतं," ते मला समजावतात. "अहो, मी भाजी घेऊन आले तरी विचारतात," वहिनी म्हणतात.

त्यांची सर्वांत लाडकी चिप त्यांनी दिंडोरीला मेहुण्याच्या द्राक्षबागेत, एका पेटीत बसवली. ढगाळ हवेत पानं ओली राहिली की डावणी रोग येतो. वेळेवर फवारलं नाही तर घड हातचे जातात. पानं ओली झाली की चिपने मेहुण्याच्या फोनवर कळवायचं, एरवी झोपायचं. "तुझा मुलगा बाग बघायला लागेल तोवर बॅटरी पुरेल," शेजारी म्हणाले. मेहुण्याने भरवसा ठेवला आणि पहाटेची चक्कर सोडली.

दसऱ्याला त्याने ट्रॅक्टर पुजला, फवारणीचं यंत्र पुजलं आणि मोठ्या कौतुकाने पेटीचं झाकण उघडून आतही हळदकुंकू वाहिलं. झाकण उघडणारा तो चोर, एवढंच चिपला शिकवलेलं होतं. तिने सगळी माहिती पुसून टाकली आणि मौन धरलं. पुढे आभाळ आलं, पानं भिजली, फोन गप्प राहिला. अर्धी बाग गेली.

शेजाऱ्यांनी पेटी तपासली. त्यांचा चेहरा उजळला. "पाहिलंस? कोणाला एक अक्षर सांगितलं नाही!"

"दाजी," मेहुणा म्हणाला, "मला पण नाय सांगितलं. बाग माझी होती ना?"

तेव्हापासून आभाळ भरलं की शेजारी पहाटेच स्कूटर काढून दिंडोरी गाठतात, ओळीओळीतून फिरत पानं हाताने चाचपतात आणि मेहुण्याला फोन लावतात. तो कधी "कोण?" म्हणून विचारत नाही.

पेटी अजून बागेतच आहे. तिची बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली आहे.